चालू ब्लेडवर चकती दाबायला सांगणारा फॉरवर्ड

"मामा, हे करून बघू का?" एवढंच लिहून भाच्याने काल रात्री एक फॉरवर्ड पाठवला. हाच मजकूर मला याआधी दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा मी न वाचता पुसला होता. या वेळी वाचावा लागला. भाच्याने नुकताच स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक ब्लेड वर-खाली चालवून लाकडात नक्षी कापणारं मशीन, घेतलाय आणि त्याची दहाही बोटं मला जागच्या जागी हवी आहेत.

मजकूर थोडक्यात असा. टेबलाच्या मधोमध जी चकती असते, तिचं भोक मोठं असतं म्हणून लाकूड खालून फाटतं. तिच्याऐवजी घरी झिरो क्लिअरन्स, म्हणजे जेमतेम ब्लेडपुरतं भोक असलेली, चकती करा. त्यासाठी कोरी चकती हातात धरून चालू ब्लेडवर वरून दाबा, ब्लेड आपलं भोक आपणच पाडतं. मग ती इन्स्टंट गमने कायमची चिकटवा. यानंतर रिव्हर्स दात्यांचं (खालचे थोडे दाते उलटे असलेलं) ब्लेड लागत नाही, टेबल कितीही तिरकं केलं तरी चालतं आणि ब्लेड तुटणं बंद होतं.

चालू ब्लेडवर दाबा! लिहिणाऱ्याने टेबल सॉचं, म्हणजे टेबलातून गोल पातं वर येणाऱ्या करवतीचं, काम कुठेतरी पाहिलं असणार आणि नाव तेवढं बदललं असणार. टेबल सॉमध्ये गोल पातं आधी पूर्ण खाली उतरवतात, कोरा इन्सर्ट (तिथली चकती) जागेवर बसवतात, त्यावर आडवी फळी टाकून क्लॅम्पने आवळतात आणि मग फिरतं पातं हळूहळू वर चढवतात. तिथेसुद्धा इन्सर्टवर हात कोणी ठेवत नाही. स्क्रोल सॉचं ब्लेड म्हणजे १२७ मिलिमीटर लांबीची बारीक पोलादी पट्टी. तिची दोन्ही टोकं पकडीत असतात आणि ती ताणलेली असते. चकतीतून वर यायला तिला मोकळं टोकच नाही. चकती वरून घालायची तर वरचं टोक सोडावं लागणार, आणि ते सोडलं की ताण गेला. ताण नसलेली ती पट्टी लाकूड कापत नाही, चाबकासारखी फडफडते. बऱ्याच मशीनचा वेग मिनिटाला ४०० ते १८०० फेऱ्यांच्या दरम्यान असतो. त्या वेगात पट्टी वाकणार, तुटणार, आणि तुकडा उडेल तेव्हा चकती दाबणाऱ्याचं तोंड बरोबर तिच्यावर वाकलेलं असणार.

यावर माझ्याशी वाद घालण्यापेक्षा मशीनबरोबर आलेली पुस्तिका उघडा. ब्लेडला किंवा टेबलाच्या चकतीला हात लावण्याआधी मशीन बंद करा आणि प्लग काढा, हे तिच्यात सुरुवातीलाच सापडेल. या एका ओळीपुढे फॉरवर्डची पहिली पायरी टिकत नाही.

खरी पद्धत याहून सोपी आहे, म्हणून तर जास्त चीड येते. जुनी चकती पातळ प्लायवर ठेवून कड आखून घ्यायची. प्लायची जाडी टेबलातल्या खाचेच्या खोलीइतकी हवी. चकती केसभर खाली बसली तर चालते, वर आली तर लाकूड तिच्या कडेला अडकून हिसका बसतो. आखलेली चकती कापायची आणि कड पॉलिश पेपरने घासून जागेवर अलगद बसेल अशी करायची. मग जुनी चकती तशीच ठेवून नवी टेबलावर सपाट धरायची आणि नेहमीचं लाकूड सरकवतो तशी ब्लेडकडे सरकवत मध्यापर्यंत काप न्यायचा. मशीन बंद, प्लग बाहेर. ब्लेडचं वरचं टोक सोडून जुनी काढायची, नवी ओवायची, पुन्हा ताण द्यायचा. यात गंमत अशी की काप आपोआप ब्लेडच्या मागच्या बाजूला राहतो. दात्यांच्या पुढे, जिथे लाकूड अजून कापायचं असतं, तिथे खालून भरीव आधार मिळतो. आणि टोकांना आडवी पिन असलेलं ब्लेड असलं तरी त्याची पिन जाईल एवढं मोठं भोक पाडायची गरज उरत नाही.

गमचं काय बोलायचं? काप वापरता वापरता रुंदावतो, म्हणजे ही चकती झिजण्यासाठीच असते. एका बैठकीत चार-पाच कापून ठेवा. चिकटवलीत तर पुढच्या वेळी पटाशी घेऊन टेबल खरवडत बसाल.

टेबल तिरकं करायचं असेल तर काप ब्लेडला सरळ रेषेत राहत नाही, ब्लेड कडेला घासतं. त्या कोनाची वेगळी चकती करा किंवा जुनी मोठ्या भोकाची बसवा. ब्लेड तुटतं ते चुकीच्या ताणाने, बोथट झाल्यावर, नाहीतर आपण लाकूड रेटल्यामुळे. चकतीचा त्यात संबंध नाही.

रिव्हर्स दात्यांबद्दल मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. ब्लेडचे दाते खाली तोंड करून असतात, त्यामुळे खालच्या बाजूचे तंतू आधाराविना फाटतात. हे फाटणं घट्ट चकतीने खरंच कमी होतं, आणि नक्षीचे बारीक तुकडे भोकातून खाली पडत नाहीत, हा फायदा तर माझ्या मते त्याहून मोठा. पण रिव्हर्स ब्लेडचे खालचे थोडे दाते वर तोंड करून असतात आणि वर जाताना ते तंतू साफ कापतात. एक आधार देतं, दुसरं कापतं, दोन्ही एकत्र वापरा. फक्त ब्लेड सगळ्यात वर असताना त्यातले दोन-तीन दाते टेबलाच्या वर दिसायला हवेत, म्हणून चकतीऐवजी टेबलावर जाड फळी ठोकू नका.

भाच्याला हे सगळं पाठवलं. त्याचं उत्तर आलं: "प्लाय नाहीये. जुनं प्लास्टिक कार्ड चालेल?" चालेल की. पाऊण मिलिमीटर जाडीचं असतं. ब्लेडपुरतं बारीक भोक पाड, टेबलाच्या भोकावर डबल टेपने चिकटव आणि कडांवरून साधी टेप ओढ, म्हणजे लाकूड अडकणार नाही. आणि आधी प्लग काढ.