गोठणगावच्या कॅम्पातला गोल नाच

लेखात नॉर्ग्येलिंगचं म्हणजे आमच्या गोठणगावच्या तिबेटी कॅम्पातल्या नाचगाण्याचं वाचलं आणि एकदम भरून आलं, माझं आजोळ अर्जुनी मोरगावकडचं आहे. 1972 ची ही वस्ती, तेव्हा भंडारा जिल्हाच होता, गोंदिया 1999 ला वेगळा झाला. बहुतेकांना थंडीत स्वेटर विकणारे लोक एवढीच त्यांची ओळख, पण लोसारला म्हणजे त्यांच्या नवीन वर्षाला एकदा तिथं जाऊन बघा. मी शाळेत असताना मामासोबत गेलो होतो, एक आजोबा ड्रान्येन वाजवत होते, लांब मानेचं लाकडी वाद्य, सहा तारा, दोन-दोनच्या जोडीनं लावलेल्या, आणि बाया-माणसं सगळे गोल धरून नाचत होते, गोरशे म्हणतात त्याला. मामा आयुष्यभर दंडारीत म्हणजे आपल्याकडच्या नाचगाण्याच्या लोकनाट्यात नाचलेला माणूस, थोडा वेळ नुसता सगळ्यांचे पाय बघत उभा राहिला आणि कोणी बोलवायच्या आधीच गोलात शिरला, गाण्यातलं अक्षर कळत नव्हतं पण तिसऱ्या फेरीला पाऊल बरोबर बसलं. नंतर त्यानं दंडारीचं एक गाणं म्हटलं तर आजोबांनी तारांवर सूर शोधून शोधून साथ दिली!!

लेखातलं 'आपण त्यांना सामावून घेतलं' हे मात्र मला अर्धंच वाटतं, त्या दिवशी तर त्यांनी आम्हाला घेतलं होतं. दिवाळीनंतर आपल्याकडे मंडई म्हणजे गावची जत्रा भरते, दंडार होते, तिथं कॅम्पातल्या पोरापोरींना स्टेजवर बोलवा ना, मंडळवाल्यांनी खरंच मनावर घ्या.