मालकाचं उत्तर: 'आधारची झेरॉक्स काढली आणि खात्यातले पैसे गेले' या रिव्ह्यूला

ताई नमस्कार. तुमच्या वडिलांचे ३८ हजार गेले याचं मनापासून वाईट वाटतं आणि आमच्यामुळे काही त्रास झाला असेल तर माफी मागतो. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की गुरुवारी आमच्याकडे आधारची झेरॉक्स काढली आणि शनिवारी खातं रिकामं झालं, आमच्या कॉम्प्युटरवर लोकांचे आधार उघडे पडलेले असतात, आणि मदत मागायला गेलो तर मालकाने 'उद्या या' म्हणून शटर ओढलं.

कॉम्प्युटरचं खरं आहे. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर आधारची पीडीएफ पाठवतात, खाली पासवर्ड पण टाइप करून देतात, प्रिंट मारली की गर्दीत फाईल तशीच राहून जाते. आता मुलाला सांगितलंय, गिऱ्हाईक समोर असतानाच डिलीट करायची. बाकी पण बघतोय काय करता येतं ते.

पण शटर ओढलं हे वाचून मला रात्री झोप नाही लागली. दुकान साडेआठला बंद होतं, तसं बोर्डवर लिहिलंय, आणि शनिवारी काका, म्हणजे तुमचे वडील, आणि तुमचा भाऊ आले तेव्हा पावणेनऊ झाले होते. शटर आधीच अर्धं खाली होतं, मी गल्ला मोजत होतो, दोघं वाकून आत आले. तुम्ही तेव्हा पुण्यात होता. काकांचे हात थरथरत होते, त्यांना स्टूलवर बसवलं, पाणी दिलं, आणि मग मी शटर पूर्ण खाली घेतलं, हो घेतलं, पण दोघांना आत घेऊन. लाईट दिसली की माणसं आत येतात, आणि काकांना चार लोकांसमोर खाते नंबर मोठ्याने वाचायला लावायचा होता का मी?

त्यांचा फोन बघितला तर पैसे गेल्याचा बँकेचा एकही मेसेज नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर शुक्रवारी दुपारची एक फाईल होती, ट्रॅफिक चलान, नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे दाबली की फोनमध्ये ॲप टाकणारी फाईल. काकांना वाटलं गाडीचा दंड आलाय, त्यांनी ती दाबली, इन्स्टॉल झाली, मेसेज वाचायची परवानगी मागितली ती पण दिली. तिथून ओटीपी सरळ चोराकडे. खरं चलान असं कधी येत नाही हो, ते परिवहनच्या वेबसाइटवर गाडी नंबर टाकून बघता येतं. काकांची चूक म्हणून नाही सांगत, शिकलेली माणसं पण फसतात यात, पण त्याचं खापर माझ्या झेरॉक्स मशीनवर का? आधार नंबरवरून पैसे काढायला अंगठा किंवा चेहऱ्यासारखी ओळख जुळावी लागते, नुसती झेरॉक्स पुरत नाही, आणि माझ्याकडे अंगठ्याचं मशीनच नाही.

मी आधी फोन एरोप्लेन मोडवर टाकला. मग एटीएम कार्डच्या मागे छापलेल्या बँकेच्या नंबरला माझ्या फोनवरून लावून खातं बंद करायला लावलं, काका स्वतः बोलले, आणि व्यवहाराचे नंबर विचारून बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहून घेतले. ते पान अजून आहे माझ्याकडे. मग १९३०, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. तीनदा बिझी, चौथ्यांदा लागला, आणि त्यांनी पहिल्यांदा तेच नंबर मागितले. घरी जायला मला सव्वादहा झाले. 'उद्या या' म्हणलो ते सायबर क्राईमच्या पोर्टलवरच्या तक्रारीची प्रिंट काढून द्यायला, रविवार असून. आणि सोमवारी बँकेत लेखी द्या, पोच घ्या, हे पण सांगितलं, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमात कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेवर असतं, म्हणून कळवल्याची वेळ हातात पाहिजे. साडेनऊ हजार ज्या खात्यात पुढे गेले होते तिथेच होल्ड झाले, म्हणजे अडवले गेले, हे काकाच मला येऊन सांगून गेले.

झेरॉक्सचा गैरवापर होतच नाही असं मी म्हणत नाही, कुणी तुमच्या नावावर सिम घ्यायला बघू शकतं. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की चालत असेल तिथं मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे तुमचा अंगठा दुसऱ्याला वापरता येत नाही. आपल्या नावावर किती सिम आहेत ते सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर बघा. काकांचं लॉक त्याच रविवारी करून दिलंय, त्याचे पैसे घेतले नाहीत.

अकरा वर्षं एसटी स्टँडसमोर आहे मी. ॲडमिशनचे दिवस आहेत, वर्षाची कमाई याच दोन महिन्यांत होते, आणि परवा एक बाई काउंटरवर मोबाईल बघत उभ्या होत्या, त्यांनी मुलीचं आधार परत पिशवीत टाकलं आणि काही न बोलता गेल्या. एक स्टार राहू दे ताई, फाईलींसाठी तो मला मान्य आहे. फक्त शटरचं ते वाक्य काढा, आणि काढायच्या आधी एकदा काकांना विचारा.