मास्तरनं रस्ता खाल्ला

गेल्या आठवड्यापासून आमच्या गावात पक्की बातमी आहे की मी पैसे घेऊन आबाजींचा रस्ता पुसला. रक्कम जागेगणिक बदलते. मारुतीच्या पारावर पाच हजार चालू आहे, फाट्यावरच्या टपरीत ती वीसवर गेली. बायकोनं भाकरी थापता थापता विचारलं, "घेतलेच असतील तर घरात तरी सांगाचं." मी काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ज्या कामावरून हा आळ आला, त्या कामाचा आजवर मला एक रुपया मिळालेला नाही. उलट माझाच डेटा जातो.

काम असं. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा जगाचा एक नकाशा आहे. २००४ साली इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट नावाच्या माणसानं तो सुरू केला, कारण तिथल्या सरकारी नकाशांची माहिती वापरायची तर पैसे मोजावे लागत. लोकांनी आपापल्या गावचे रस्ते, नाले, विहिरी, शाळा त्यात भरायच्या आणि तो जगात कोणीही वापरायचा. दारव्ह्याकडच्या आमच्या गावाच्या वाट्याला त्यात एक नाव आणि एक डांबरी रेघ आली होती. रात्री जेवण झालं की मी एकटाच बसून त्यात भर टाकायचो. मग वाटलं, पोरं तयार करावी. शाळेतून पुढं तालुक्याला अकरावी-बारावीला गेलेल्या माझ्या पोरापोरींना रविवारी बोलावलं. नव्या स्वयंसेवकांचं स्वागत!

कापूस वेचणीचे दिवस, त्यामुळं अर्धी पोरं वावरात. आली त्यांचे ईमेल मोबाइलच्या दुकानदारानं काढून दिलेले, आणि सगळ्यांचे पासवर्ड त्या एकट्याला माहीत. तो मूर्तिजापूरला सासुरवाडीला गेलेला. त्याला फोन लावून लावून खाती उघडेपर्यंत मी भाषण करून घेतलं. २०१० साली हैतीत भूकंप झाला, तेव्हा जगभरच्या लोकांनी घरबसल्या उपग्रहाची छायाचित्रं पाहून पोर्ट-ओ-प्रिन्सचा नकाशा भराभर काढला आणि बचावपथकांनी तो वापरला, हे मी फार रंगवून सांगतो. सांगून झालं, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आपल्याकडे भूकंप येनार हाय का?" संध्याकाळपर्यंत ही बातमीसुद्धा गावात होती. पण ती टिकली नाही. पैशाची टिकते.

याच वेळी दारात आबाजी उभे राहिले.

"काय करून राह्यला रे मास्तर?"

"नकाशा काढून राह्यलो आबाजी. गावाचा."

"काहून? गाव कुठी चाल्लं?"

"तसं नाई. जगाच्या नकाशात आपलं गाव नीट दिसलं पायजे म्हनून."

"कोनाले?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं तयार असतं. "ॲम्बुलन्स येते समजा. तिले रस्ता सापडला पायजे का नाई?"

"ॲम्बुलन्स येते फाट्यापावतर. तिथून गिट्टी उखडली हाय. नकाशानं गिट्टी पडते का?"

"नाई."

"मंग हे सरकारचं काम हाय?"

"नाई."

"कंपनीचं?"

"नाई. लोकाईचं."

"कोन्त्या लोकाईचं?"

"आपलंच. सगळ्याईचं."

आबाजी आत आले, पहिल्या बाकावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. ही खूण मी ओळखतो. ग्रामसभेत ते अशी टोपी काढतात, त्या दिवशी ग्रामसेवकाला दुपारचं जेवण मिळत नाही.

"पैसे कोन देते?"

"कोनीच नाई."

"तुले किती भेटते?"

"काहीच नाई आबाजी."

"अन् या पोट्ट्याईले?"

"त्याईलेबी नाई."

"चहा कोनाचा?"

"चहा माह्या खिशातला."

आबाजींनी मग माझ्याकडं असं पाहिलं, जसं ते बोंड फोडून आतल्या अळीकडं पाहतात. "मास्तर," ते म्हणाले, "ज्यानं मले फुकट देतो म्हनलं, त्यानं शेवटी माही सही घेतली. तू सही कवा घेतं ते सांग."

सही लागत नाही म्हटलं, तर त्यांचा संशय आणखी पक्का झाला. थोडा वेळ त्यांनी पडद्यावरचं गाव पाहिलं. आपलं घर ओळखलं, सरपंचाचं ओळखलं, सरपंचाचं मोठं दिसतं म्हणून नाक मुरडलं, आणि मग ज्यासाठी टोपी काढली होती त्यावर आले.

"बरं. माही पांदन टाक त्याच्यात."

आता ही पांदण म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आमच्या भागातल्या अर्ध्या भांडणांचं ते उगमस्थान आहे. आबाजींच्या वावरात जायला एक पांदण आहे. म्हणजे गावनकाशात तुटक रेघांनी आहे. जमिनीवर ती शेजारच्या वावरवाल्यानं दरसाल नांगरटीला एकेक तास सरकवत सरकवत पुरती गिळली, आणि आज तिथं तूर उभी आहे. आबाजींची बंडी गावातच उभी असते. कापसाची गाठोडी डोक्यावर धरून दुसऱ्याच्या धुऱ्यानं आणावी लागतात, तोही रोज काहीतरी ऐकवतो. मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ चं कलम ५ आणि जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आबाजींना तोंडपाठ आहे. एक अडवलेला रस्ता मोकळा करायचं, दुसरं धुऱ्यावरून रस्ता मागायचं. पंढरीच्या वारीत सोबतच्या माणसाला त्यांनी वाटभर हीच दोन कलमं ऐकवली म्हणतात.

"आबाजी, याचा नियम हाय. जे जमिनीवर हाय तेच काढा लागते."

"जमिनीवर हाय नं. तुरीखाली हाय."

"दिसली पायजे."

"तूर काढली का दिसते."

"मंग तूर निघाली का काढतो आपन."

"तूर निघाली तं मले नकाशा कायले पायजे?"

पोरं खुदखुदली. मी दुसऱ्या बाजूनं गेलो. आबाजी म्हणाले, सरकारच्या नकाशात आहे, तो पाहून उतरव. मी सांगितलं की दुसऱ्याच्या नकाशातून तशी परवानगी असल्याशिवाय उतरवायचं नसतं. गूगलच्या नाही, कुणाच्याच नाही. हा नियम पोरांना समजावण्यात माझी निम्मी दुपार गेली होती. आबाजींनी तो एका दमात निकालात काढला. "म्हंजे सरकारच्या कागदात हाय तं तुमाले चालत नाई, अन् वावरात हाय तं तुमाले दिसत नाई."

मग त्यांची नजर पडद्यावरच्या एका काळ्या रेघेवर गेली.

"हे काय हाय?"

"शकुंतला."

इथं जरा थांबतो. मूर्तिजापूर-यवतमाळची आमची ही अरुंद रुळांची गाडी, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चाललेली, इंग्रज कंपनीच्या मालकीची म्हणून पेपरात गाजलेली. बंद पडून काही वर्षं झाली. दर निवडणुकीला ती भाषणातून धावते, मोठ्या रुळांवर, आणि निकालाच्या दिवशी परत उभी राहते. पोरांपैकी एकीला वाटलं की ही नागपूरची मेट्रो आपल्याकडं येणार आहे.

"शकुंतला तं बंद हाय," आबाजी म्हणाले.

"गाडी बंद हाय. रूळ हायेत ना. वापरात नसलेल्या रुळाची वेगळी खून असते याच्यात."

"अस्सं!" आबाजींनी टोपी डोक्यावर घातली. "इंग्रजाची गाडी बंद पडून राह्यली तरी तुमच्या नकाशात हाय. अन् माहा बाप ज्या पांदनीनं बंडी हाकत होता, ते नाई."

मी पोरांना चहा घ्यायला सांगितलं.

चहाच्या वेळी पोरांनी मुद्द्याचं विचारलं. सर, सर्टिफिकेट भेटते का? टी-शर्ट? त्यांना दोष कसा देणार. ज्या-ज्या प्रशिक्षणाला ही पोरं आजवर बसली, तिथं बॅनर लागलं, फोटो निघाला, प्रमाणपत्र वाटलं आणि नंतर कोणाचाच फोन आला नाही. आणि टी-शर्टाची हाव काही खेड्यातली नव्हे. हॅक्टोबरफेस्ट नावाचा एक उपक्रम २०१४ साली सुरू झाला, मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावा आणि टी-शर्ट मिळवा असा. २०२० साली त्या टी-शर्टासाठी शिकल्यासवरल्या लोकांनी दुसऱ्यांच्या प्रकल्पांत निरर्थक बदलांचा असा पूर आणला की संयोजकांना नियम फिरवावा लागला. ज्या प्रकल्पानं आपणहून होकार दिला असेल त्यातच हात घालायचा, असं ठरलं. जगभर माणूस एका बनियनच्या भावात पटतो, मग आमच्या पोरांनी काय घोडं मारलं?

त्या दिवशी सगळ्यांत आधी तयार झाला तो आबाजींचा नातू. रेघ ओढणं, वळण देणं, नाव टाकणं, सगळं तासाभरात. मी त्याची पाठ थोपटली.

त्यानं त्याच रात्री पांदण काढली. गावाच्या शिवेपासून आबाजींच्या विहिरीपर्यंत, सरळसोट, शेजाऱ्याच्या तुरीच्या छाताडावरून. नाव दिलं "आबाजी मार्ग". बदलाखाली एक ओळ लिहायची असते, तिथं त्यानं लिहिलं, "कोनी मिटवू नये." नकाशात आला की तहसीलीत मोबाइल दाखवू, असा आजा-नातवाचा बेत होता. वर मार्गाचा दर्जा असा लावला होता की त्यावरून एसटी जावी.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वावरात जाऊन पाहिलं. तूर माझ्या डोक्यावर गेलेली. उद्या खरंच एखादी ॲम्बुलन्स नकाशा पाहून त्या तुरीत शिरली तर? पुसली. नातवाला फोन करून नीट समजावलं, तो "हो सर, हो सर" म्हणाला.

आता या नकाशाची गंमत अशी की त्यात काहीच लपत नाही. कोणी काढलं, कोणी पुसलं, किती वाजता, सगळं नावानिशी कायमचं राहतं. सरकारी दप्तरातून कागद गहाळ झाला तर तो कोणी केला हे सात जन्मांत कळत नाही. इथं माझं नाव, तारीख आणि वेळ. नातवानं ते पान आजोबांना दाखवलं. आबाजी ते घेऊन पारावर गेले, आणि दिवसभर जो येईल त्याला दाखवत बसले. "फुकट करते म्हने. फुकट कोनी मिटवते का?"

यात शंका राहिली असेल तर ती शेजाऱ्यानं मिटवली. त्याच्या कानावर गेलं की मास्तरनं आपल्या वावरातला रस्ता काढून टाकला. भला माणूस. भर दुपारी, पाणी भरायच्या वेळी, सगळ्या गल्लीदेखत त्यानं तुरीच्या ओल्या शेंगांचं पोतं माझ्या ओट्यावर आणून टाकलं आणि मोठ्यानं म्हणाला, "मास्तर, उपकार झाले." पोतं परत नेऊन दिलं, तर परत न्यायच्या वेळी बघणारं कोणीच नव्हतं.

तेव्हापासून मात्र माझ्याकडं स्वयंसेवकांची रीघ लागली आहे. महिनाभर ज्यांच्या मागं लागलो, "या हो, गावाचं काम आहे," ते आता आपणहून येतात, चप्पल बाहेर काढतात आणि हळूच विचारतात, "मास्तर, काढाचे किती अन् मिटवाचे किती?"

हे सगळं एक वेळ मी हसून सोडलं असतं. आबाजींचं दुखणं खरं आहे, त्यांनी मला शिव्या घालाव्यात. मला सलतं ते वेगळंच.

त्या रविवारी एक पोरगी होती, बारावीतली. फार बोलत नाही. वेचणी करून, हात धुऊन उशिरा आली आणि मागं बसली. तिनं आपल्या वस्तीवरची हापशी नकाशावर टाकली. अगदी बरोब्बर जागी, वडाच्या अंगाला. खाली लिहिलं, "माझी पहिली हापशी." आणि माझं काम कोणीतरी तपासावं असा एक चौकोन असतो, त्यावर हौसेनं टिचकी मारली. कोणीतरी दूरदेशीचा माणूस आपलं काम पाहील, याचं तिला अप्रूप.

पाहिलं. तिकडच्या एका जुन्या जाणत्यानं तासाभरात इंग्रजीत लिहिलं. स्वागत असो. बदलाचं वर्णन अर्थपूर्ण असावं. माहिती कुठून घेतली ते नमूद करावं. खाली वाचण्यासाठी चार दुवे, तेही इंग्रजीत. अक्षर न् अक्षर नियमात बसणारं.

पोरीनं मला फोन केला. "सर, मी रोज तिथंच पानी भरतो. असं लिहू का?"

लिही म्हटलं. पण तिनं लिहिलं नाही, आणि पुन्हा त्या नकाशाकडं फिरकली नाही. त्यांच्या वस्तीवर अजून दोन हापशा आहेत, त्यातली एक उन्हाळ्यात आटते. हे नकाशात यायचं तर तिनंच सांगायला हवं. मला ते पाहायला जावं लागेल, तिला फक्त आठवावं लागलं असतं. गावात राहणाऱ्याची स्वतःची माहिती हाच पुरेसा आधार असतो, हे त्या गृहस्थाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. मग "छान केलंस, आणखी हापशा आहेत का?" एवढं विचारायला काय वीज लागत होती? अशा सगळ्याच मंडळ्या नवी माणसं येत नाहीत म्हणून रडतात. आलेल्याला दारातच कागदपत्रं मागतात, आणि पुन्हा रडतात.

मी रागारागानं, शब्दकोश उघडून, त्या गृहस्थाला लांबलचक पत्र लिहिलं. मुलगी कोण, हापशी कुठं, आधार कोणता, सगळं. त्याचं अत्यंत सभ्य उत्तर त्याच रात्री आलं. आपल्या भावना समजल्या, म्हणाला. नव्या सदस्यांचं स्वागत कसं करावं याविषयी सूचनांचं एक पान आहे, ते आपण जरूर वाचावं.

वाचलं. पान चांगलं आहे. पहिलीच सूचना अशी की नवख्याच्या कामात आधी चांगलं काय आहे ते सांगावं, चूक नंतर. हे इतकं शहाणपणाचं कोणी लिहिलं म्हणून मी पानाचा इतिहास उघडला. त्याच गृहस्थाचं नाव होतं.