हलवू नका हो!

वाढदिवसाला पोलरॉइड, म्हणजे फोटो जागच्या जागी छापून बाहेर टाकणारा कॅमेरा घेऊन गेलो, तिथेच फसलो. एका पॅकमध्ये आठ फोटो. त्यातले तीन एका काकांनी वारा घालून घालून मारले.

फोटो कॅमेऱ्यातून निघाला रे निघाला की काकांनी तो ओढायचा आणि चुलीपुढे बसल्यासारखा फडफडवायचा.

"काका, हलवू नका."

"अरे, ओला असतो तो! वाळायला नको?"

"ओलं जे काय आहे ते आत बंद आहे."

"आम्ही काय आज फोटो बघतोय? सगळे हलवायचे."

संताप याचा, की काका निम्मे बरोबर होते. जुन्या, सोलून काढायच्या फिल्मचा फोटो खरंच ओलसर निघे, वाऱ्यावर धरावा लागे. पण त्या जातीतली फुजीची एफपी-१००सीसुद्धा २०१६ मध्ये बंद झाली. १९७२ च्या पोलरॉइड एसएक्स-७० कॅमेऱ्यापासूनचा हिशेब निराळा. खालच्या जाड पांढऱ्या पट्टीत रसायनाची पुडी असते, बाहेर येताना दोन रोलर ती फोडतात आणि रसायन थरांच्या मध्ये पसरवतात. तिथे फडफडवलं, वाकवलं की थर सुटून डाग पडू शकतात. शिवाय आजच्या पोलरॉइडला पहिले काही सेकंद उजेड सोसत नाही. फोटो लगेच उलटा करून झाकायचा आणि रंगीत असेल तर दहा-पंधरा मिनिटं गप्प बसायचं.

हे सगळं मी काकांना समजावलं. ते म्हणाले, "मग ती पट्टी कापून टाक ना."

खरं तर गर्दीत असाच झटपट फोटो देणारी फुजीची इन्स्टॅक्सच न्यावी. पॅकमध्ये दहा फोटो, फिल्म आयएसओ ८०० ची, म्हणजे कमी उजेडातही बरी, दीडेक मिनिटात चेहरे दिसू लागतात. ५ ते ४० अंशांत चालते, पोलरॉइडचे लाड १३ ते २८ अंशांतच. थंडीत पोलरॉइडचे फोटो निळसर पडतात, उन्हाळ्यात पिवळट-लालसर. पण छोट्या इन्स्टॅक्स मिनीचं चित्र ४६ बाय ६२ मिलिमीटर, म्हणजे आठ माणसं उभी केली की आठ तीळ. वाइड घ्या, ९९ बाय ६२. फक्त कॅमेरा डब्याएवढा होतो. पोलरॉइडचा मऊ, जरासा बिथरलेला रंग मात्र इन्स्टॅक्सला येत नाही, आणि त्या रंगापायीच माझ्यासारखे मूर्ख सापडतात.

पोलरॉइडचा जुना ६०० कॅमेरा असेल तर नव्या कॅमेऱ्यांसाठीचा आय-टाइप पॅक घेऊ नका. त्यात बॅटरी नसते, कॅमेरा हूं की चूं करत नाही. उलट, म्हणजे ६०० चा पॅक नव्या कॅमेऱ्यात, मात्र चालतं. एसएक्स-७० मध्ये ६०० ची फिल्म घातलीत तर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावा, नाहीतर सगळे भुतासारखे पांढरे. एकाच जागी पुन्हा पुन्हा ठिपका दिसला तर रोलर ओलसर कापडाने पुसा, फिल्मला शिव्या नंतर.

मी हे मनात घोकत असताना काकांनी "किती उरले बघू" म्हणत फिल्मचं झाकण उघडलं. वरच्या फोटोवर उजेड पडला. झाकण लावल्यावर कॅमेऱ्याला वाटलं नवा पॅक आला, म्हणून नव्या पॅकवरचं काळं झाकणपान समजून त्याने तोच जळका फोटो बाहेर फेकला, आणि आकडा पुन्हा आठवर.

"बघ, आठ भरले!" काका म्हणाले. "हा तर फुकटच आला!" आणि तोही हलवू लागले.

उरलेल्या चारांत एकच बरा निघाला. तो काकांचा होता. घरी घेऊन गेले.