हॉस्टेलात नव्याने आलेल्या मुलींना चार शहाण्या गोष्टी

पोरींनो, पुण्यात शिकायला आलात, अभिनंदन! आता अभ्यासक्रमात नसलेलं थोडं ऐका.

आधी स्वतःचं वय विसरा. 1989 पासून अठराव्या वर्षी मत देता येतं, तेव्हा खासदार खुशाल निवडा. रविवारी मावशीकडे जायचं की नाही, ते मात्र लोकल गार्डियन ठरवतील. लेखी, सहीनिशी.

घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवा. गेटवरचं सात मिनिटं पुढे असतं.

प्रॅक्टिकल लांबू देऊ नका. माझं गेल्या मंगळवारी लांबलं. टायट्रेशन अर्धवट टाकून पळायला हवं होतं, पण मी बावळट, रीडिंग पूर्ण केलं. मग बस थांब्यावर न थांबताच गेली. इन-टाइम साडेसातचा, मी गेटवर आठ-पाचला. जर्नलवर सरांची सही होती, वेळेसकट. ती बघायला कुणाला सवड? रेक्टर मॅडमनी हजेरीला उभ्या असलेल्या सगळ्या मुलींसमोर अण्णांना फोन लावला, स्पीकरवर. ‘‘तुमची मुलगी आत्ता उगवतेय.’’ अण्णा रानात पाणी द्यायला गेलेले. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘लागलंय का तिला कुठं?’’ आई रात्रभर जागी. पस्तीस मिनिटांसाठी! माझा लॅब पार्टनर त्याच प्रॅक्टिकलनंतर चहा पिऊन, सिनेमा बघून बाराला त्याच्या हॉस्टेलात परतला. त्याच्या बापाची झोप कुणी मोडली नाही. मोडणार कशाला, तो मुलगा ना!

प्रश्न विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: ‘तुमच्याच भल्यासाठी.’

3 जानेवारीला पहिल्या रांगेत बसा. शेणगोळे झेलत शाळेत शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाईंवरच्या भाषणाला टाळ्या वाजवा. भाषण सातच्या आत संपेल एवढं बघा.

आणि यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2016 चे नियम चुकूनही वाचू नका. सुरक्षेचं कारण सांगून मुलींच्या हॉस्टेलला मुलांपेक्षा वेगळे नियम लावू नयेत, असं त्यात चक्क छापलंय. मी मॅडमना प्रत नेऊन दिली. त्या म्हणाल्या, ‘‘प्रिंट काढायला बाहेर कधी गेली होतीस?’’

जाऊ दे, नाही जमत मला हे गोड बोलणं. मॅडम, रस्ता धोक्याचा आहे ना? मग दिवे लावून घ्या, बस मागा, छेड काढणाऱ्याला धरा. ते सोडून आम्हाला कोंडता, आणि वर त्याला काळजी म्हणता? त्या रात्री जेवलीस का, हे एकदा तरी विचारलंत? साडेआठला मेस बंद झाली तेव्हा मी तुमच्याच ऑफिसात माफीपत्राची तिसरी प्रत लिहीत होते.