पणजीची कबर शोधताना

कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत, पणजी सापडली. गाव नमुना १४, मोडीत, एकच ओळ: अमक्याची बायको, वय २६, ताप. साल १९१८. त्या पानावर वर-खाली सगळीकडे तापच. इन्फ्लुएन्झाची साथ शाळेच्या पुस्तकात होती, पण आपल्याच गावच्या वहीत 'ताप' हा शब्द पानभर उतरलेला बघणं वेगळं. मोडी वाचून देणारे गृहस्थसुद्धा शेवटी शेवटी वाचायचे थांबले, नुसतं बोट फिरवत राहिले.

कधी गेली ते कळलं. कुठे पुरली, ते कोतवाल लिहीत नसे.

आमचं गाव दाभोळच्या खाडीकाठी. कबरस्तान म्हणजे जांभ्याचा उतार, करवंदाच्या जाळ्या आणि चाफे. कबरीवर नाव नसतंच. उशाशी एक चिरा, पायाशी एक, मधे मातीचा उंचवटा, तोही दोन-तीन पावसाळ्यांत बसतो. बाहेरच्याला वाटतं गरिबी. थोडी असेलही. पण कबर पक्की बांधू नये ही शिकवण आहे, आणि जांभ्यावर कोरणार तरी काय? छिन्नी मारली की भोक मोठं होतं, अक्षर होत नाही.

खणायलाही तो तसाच हट्टी. वरची वीतभर माती कुदळीने निघते, पुढे पहारच. खाली गेल्यावर पश्चिमेच्या अंगाला बगल कोरायची, ती लहद. मय्यत उजव्या कुशीवर, तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला. मग बगल बंद करून प्रत्येकाने तीन-तीन ओंजळी माती लोटायची. आपल्या किनाऱ्यावरून किब्ला पश्चिमेला, म्हणजे समुद्राकडेच. नवरे बोटीवर खलाशी, आणि बायका मेल्यावरही समुद्राकडे तोंड करून! हे मला चाळीस वर्षं कधी सुचलं नव्हतं.

पणजोबा तेव्हा रंगूनच्या बोटीवर होते, बायको गेल्याचं त्यांना महिन्याने कळलं. रंगूनवरून आठवलं. ब्रह्मदेशचा थिबा राजा १९१६ साली आपल्या रत्नागिरीत वारला, त्याची कबर जागेवर आहे, २०१६ ला वंशज येऊन गेले. बहादूरशहा जफर १८६२ ला रंगूनमध्ये वारला, इंग्रजांनी जागा सपाट केली, आणि खरी कबर हाती लागली १९९१ साली, गटार खणताना. बादशहाची ही गत, तिथे खलाशाच्या बायकोचं काय घेऊन बसलात.

पण माझ्याकडे फुफी होती, म्हणजे आत्या. वय ८४. कबरस्तानात तिने आयुष्यात पाऊल ठेवलेलं नाही, आमच्याकडे बायका जनाज्याबरोबर जात नाहीत. नकाशा मात्र तिच्याच डोक्यात. माझे आजोबा सहा वर्षांचे असताना आईच्या जनाज्यामागे चालत गेले होते. पुढे दर शब-ए-बरातला उदबत्ती लावून आले की लेकीला सांगायचे, विहिरीच्या अंगाला, जुन्या चाफ्याच्या बुडाशी. तापाच्या सालातली सगळी तिकडेच. आम्हा नातवंडांपैकी एकानेही हे कधी विचारलं नाही. मीही नाही.

आता जमातवाल्यांनो, थोडं कडू बोलतो. शेजारच्या एका गावात गेल्या वर्षी कंपाउंड घालताना जेसीबी फिरवला आणि जुने चिरे भिंतीत घातले. कुणाच्या उशाचा दगड, विचारायचं कुणाला? दुसरीकडे आखाताचा पैसा आला की संगमरवरी पाट्या. मला दोन्ही पटत नाही. जागा तेवढीच आहे, बऱ्याच वर्षांनी जुन्या कबरीच्या जागी नवी मय्यत ठेवतात, ती रीत मला तर आवडते. सासूच्या जागेत सून, भांडायलाही सोबत. पाटी नकोच. पण वही? वर्गणीची वही आपण पैशापैशाची ठेवतो, कोण किती थकलाय ते तोंडपाठ. मग एक शंभरपानी वही घ्या. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, तारीख, आणि विहिरीपासून किंवा झाडापासून किती पावलं. बस्स. एकाने मला सुनावलं की हे कबरपूजेकडे जातंय. अरे बाबा, वहीला कोण फुलं वाहणार आहे?

आणि वही घेण्याआधी घरच्या म्हाताऱ्या बायकांकडे बसा. पुरुषांना विचारलंत तर 'तिकडे कुठेतरी' एवढंच मिळेल, माझा अनुभव.

शेवटी गेलो. विहीर बुजलेली, चाफा आहे, खोड पोकळ. बुडाशी पाच कबरी, काही चिरे कललेले, एका उशाच्या चिऱ्यावर शेवाळाचा जाड थर. पणजी यातली कुठली, ते चाफ्यालाच ठाऊक. पाचही जणांसाठी फातिहा पढलो आणि खिशातली पुडी काढली. तेवढ्यात फुफीचा फोन.

"सब्जा टाकलास का?"

"टाकतोय. पाच आहेत."

"मग पाचांवर टाक. त्या सगळ्या एकमेकींच्या शेजारणीच होत्या."