वाघ नाहीत म्हणून सर्कस बघायची नाही?

"आता सर्कशीत बघायला राहिलंय काय? वाघ नाही, सिंह नाही." कोल्हापुरात कुठं सर्कशीचा तंबू पडला की हे वाक्य हमखास कानावर येतं. रंकाळ्यावर फिरायला आलेले लोक बोलतात, मिसळीच्या टेबलावर बोललं जातं, आणि बोलणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. मला मात्र ते दरवेळी लागतं. कारण त्या तंबूत अजून माणसं आहेत. चाळीस फुटांवरून स्वतःला हवेत सोडून देणारी माणसं. त्यांच्याकडं बघायला काही राहिलं नाही असं आपण म्हणतो, तेव्हा सर्कस म्हणजे काय हेच आपण विसरलेलो असतो.

सर्कशीच्या रिंगणाचा व्यास जगभर साधारण ४२ फूट, म्हणजे १३ मीटर असतो. हे माप वाघसिंहांसाठी ठरलेलं नाही. १७६८ साली लंडनमध्ये फिलिप अॅस्टली या घोडदळातल्या माजी शिपायानं गोल रिंगणात घोड्यावरच्या कसरती दाखवायला सुरुवात केली. घोडा एका वेगानं गोल धावत राहिला की त्याच्या पाठीवर उभ्या माणसाला तोल साधता येतो, आणि त्यासाठी हा घेर सगळ्यात सोयीचा ठरला. म्हणजे सर्कशीचा पायाच मुळी घोड्याच्या पाठीवर उभ्या राहिलेल्या माणसासाठी आखला गेला. जंगली जनावरं फार नंतर आली.

आपल्याकडंही तेच झालं, आणि तेही आपल्या अंगणात. १८७९ साली किआरिनी या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली होती. ती बघायला कुरुंदवाडच्या संस्थानिकांबरोबर विष्णुपंत छत्रे गेले होते. छत्रे मूळचे अंकलखोपचे, संस्थानात घोडे तयार करणारे, स्वतः पट्टीचे घोडेस्वार. हिंदुस्थानी लोकांना असा खेळ उभा करायला अजून पुष्कळ वर्षं लागतील, असं किआरिनी बोलला आणि ते छत्र्यांच्या जिव्हारी लागलं, अशी गोष्ट सांगतात. संवाद नेमका काय झाला असेल तो असो, पण २० मार्च १८८० रोजी छत्र्यांच्या 'ग्रेट इंडियन सर्कस'चा पहिला खेळ झाला. घोड्यावरच्या कसरती खुद्द विष्णुपंतांच्या. पुढं म्हैसाळच्या देवलांची सर्कस निघाली, कार्लेकरांची ग्रँड सर्कस निघाली. अंकलखोप, म्हैसाळ, कुरुंदवाड, सगळी कृष्णाकाठची गावं. कुरुंदवाड तर आपल्याच जिल्ह्यातलं, शिरोळ तालुक्यातलं. भारतीय सर्कशीचं मूळ शोधायला निघालेल्या माणसाला शेवटी नृसिंहवाडीच्या शेजारीच उतरावं लागतं.

(गाण्यातल्या मंडळींसाठी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हेच विष्णुपंत ग्वाल्हेरच्या हद्दूखाँचे शागीर्द. गुरूंचा मुलगा रहिमतखाँ हलाखीत दिवस काढत होता, त्याला त्यांनी शोधून आपल्याजवळ आणलं आणि सर्कशीबरोबर गावोगावी फिरवत सांभाळलं. भूगंधर्व म्हणून आपण ज्यांचं नाव घेतो ते हेच. त्यांची अखेर कुरुंदवाडातच झाली. तंबू, जनावरं, माणसं यांचा एवढा पसारा ओढताना गुरुपुत्राला अंतर न देणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो.)

आज सर्कस म्हटलं की केरळचं नाव येतं. पण छत्र्यांची सर्कस थलश्शेरीला गेली तेव्हा तिथले कसरतीचे शिक्षक कीलेरी कुन्हीकण्णन यांची आणि त्यांची गाठ पडली, त्यातून कुन्हीकण्णन यांनी मुलं तयार करायला घेतली आणि १९०१ साली स्वतःची सर्कस शाळा काढली. देशभरातल्या तंबूंना पुढं कितीतरी वर्षं तिथून कलावंत मिळाले. पुण्याचे दामू धोत्रे तर वाघ, बिबटे शिकवत थेट अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीपर्यंत पोचले. ही सगळी आपली माणसं, आणि आपल्या पोरांना यातलं एकही नाव ठाऊक नाही.

आमचे आबा तालमीतले. लहानपणी ते आम्हाला सर्कशीला न्यायचे. रात्री तंबूवरचा झोत आकाशात फिरायला लागला की गल्लीतली पोरं अंगणात उभी राहून तो कुठवर जातो ते बघायची, आणि मग घरात हट्ट सुरू व्हायचा. तिकीट गॅलरीचं, लाकडी फळ्यांवर बसायचं. आम्ही पिंजरे कधी लागतात याची वाट बघायचो. आबांचं लक्ष दुसरीकडंच. एकावर एक माणसांचा मनोरा उभा राहिला आणि सगळा तंबू वरच्या पोरीकडं बघून टाळ्या वाजवायला लागला की ते म्हणायचे, "वर काय बघतोस? खालचा बघ. त्येच्या मांड्या बघ. त्यो हलला तर समदी खाली येत्यात." मी तेव्हापासून खालचा माणूस बघायला शिकलो.

झुल्याचा खेळ शेवटी असायचा. त्याआधी जाळी बांधायला वेळ लागतो, तेवढ्यात जोकर रिंगणात येऊन धडपडायचा, मार खायचा, लोकांना हसवायचा. हा वेळ भरून काढणं हेच त्याचं काम, आणि ते सोपं नाही. खेळात कुणी पडलं, कुणाला लागलं, तर बँड थांबत नाही आणि जोकर धावत येतो. प्रेक्षकाला काही कळायच्या आत जखमी माणूस पडद्याआड गेलेला असतो. झुल्यावर जो जोकर हात चुकून लोंबकळतो, पँट सुटून जाळीत पडतो, तो बहुतेक वेळा त्या संचातला मुरलेला खेळाडू असतो. बरोबर उडी मारणाऱ्याला एकच गोष्ट जमावी लागते, चुकल्यासारखं दाखवणाऱ्याला दोन.

आणि कॅचर. गुडघ्याच्या लवणीत दांडी अडकवून उलटा लटकलेला माणूस. सगळं कौतुक उडणाऱ्याला मिळतं, पण झेल त्याचा असतो. हातावर खडूची पूड, कारण घामाचा एक थेंबही घात करतो. पकड तळहाताला तळहात अशी नसते, एकमेकांचं मनगट धरायचं असतं, म्हणजे एकाची सुटली तरी दुसऱ्याची राहते. दोन्ही झुल्यांची लय ठरलेली असते. झोका टोकाला पोचतो तेव्हा क्षणभर शरीर वरही जात नाही आणि खालीही येत नाही. दांडी सोडायची ती त्याच क्षणी. हा क्षण मोजून येत नाही, वर्षानुवर्षं रोज पहाटे सराव करून तो अंगात मुरवावा लागतो. जाळी खाली आहे म्हणून धोका नाही असंही नाही. जाळीत पाठीवरच पडावं लागतं. पायावर किंवा मानेवर पडला तर हाडं मोडतात. म्हणून पडायचं कसं, हेही शिकवलेलं असतं.

तंबू नव्हता तेव्हाही ही विद्या आपल्या रस्त्यावर होतीच. डोंबाऱ्याची पोर हातात बांबू आडवा धरून दोरावरून चालायची आणि खाली बाप ढोलकं वाजवायचा. आपण आठ आणे टाकून पुढं जायचो.

आता कायद्याचं बोलतो, कारण दोष त्याच्यावर टाकायची पद्धत आहे. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांच्या खेळांवर केंद्र सरकारनं १९९८ च्या अधिसूचनेनं बंदी घातली आणि २००१ साली सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. २०११ साली सर्कशीत लहान मुलांना राबवण्यावरही कोर्टानं बंदी आणली. दोन्ही निर्णय मला शंभर टक्के मान्य आहेत. चाबकाच्या आवाजाला दबकणारा, पिंजऱ्यात आयुष्य काढणारा सिंह बघून मी टाळ्या वाजवल्यात, पण आज मला तो खेळ परत नको. आईबापापासून तोडून आणलेली पोरं तर नकोच नको. माझं म्हणणं एवढंच की जनावरं गेली, पोरं गेली, ती जायलाच हवी होती, पण मागं उरलेल्या मोठ्या माणसांसाठी कुणी काही उभं केलं नाही. सज्ञान मुलामुलींना रीतसर ही कला शिकवणारी शाळा हवी होती. केरळनं २०१० मध्ये थलश्शेरीला अकादमी काढून बघितली, ती टिकली नाही. पण निदान काढली तरी. शिवाय निवृत्त सर्कस कलावंतांना ते राज्य पेन्शन देतं. जिथून हे सगळं सुरू झालं त्या आपल्या भागात काय आहे?

कोल्हापूरकरांकडून माझी अपेक्षा जास्त आहे, आणि त्याला कारण आहे. शरीर कमावणं म्हणजे काय हे या गावाला सांगावं लागत नाही. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं, देशभरातल्या मल्लांना आश्रय दिला, आणि आजही आपण हरलेल्या पैलवानाच्या पाठीवर थाप मारतो. ज्याला खुराक, जोर, बैठका, मोडलेला कान यांची किंमत कळते, त्याला कॅचरचं मनगट का दिसू नये?

राज्य सरकारच्या ज्येष्ठ कलाकार मानधन योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. सर्कशीत उमेदीची वर्षं घालवलेल्या आपल्या भागातल्या माणसाचं नाव त्या यादीत यायला हवं. तो कार्यक्रमाची कात्रणं आणि प्रमाणपत्रं कुठून आणणार? त्याचा पुरावा म्हणजे खांद्याचं उतरलेलं हाड आणि मालकाबरोबरचा एखादा जुना फोटो. समितीवर बसणाऱ्यांनी तेवढा समजूतदारपणा दाखवावा. सर्कस गावात आली तर मैदानाचं भाडं, वीज, पाणी यात महापालिकेनं सवलत द्यावी. आणि कुरुंदवाडात विष्णुपंत छत्र्यांच्या नावानं एखादी खोली तरी असावी, जिथं जुने फोटो, जाहिराती, तिकिटं, झुल्याची एखादी दांडी बघायला मिळेल. यातलं काहीच कोट्यवधींचं काम नाही.

तंबू लागला तर पोरांना घेऊन जा, आणि जनावरं नाहीत हे त्यांना आधीच सांगून न्या. पुढच्या खुर्च्या परवडत असतील तर त्याच घ्या. खेळ संपल्यावर गेटवर उभ्या असलेल्या कलाकाराशी दोन शब्द बोला.

शिरोळ, कुरुंदवाड, म्हैसाळ, मिरज, तासगाव भागात कुणाच्या घरात आजोबा, आजी, चुलते सर्कशीत होते का? ते काय करायचे, घोड्यावर होते की झुल्यावर, बँडमध्ये की तंबू उभारणाऱ्यांत, ते खाली लिहा. फोटो असेल तर टाका. खूप लोकांनी लिहिलं तर कुरुंदवाडच्या खोलीचं निवेदन घेऊन मी स्वतः जाईन, आणि जोडीला तुम्ही लिहिलेली पानं असतील.